परतूर वृत्तात बसत नाही

आमचं परतूर वृत्तात बसत नाही, हे वर्तमानपत्रांनी आम्हाला केव्हाच पटवून दिलेलं आहे. मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळया यांच्या जोरावर जालना पहिल्या पानापर्यंत मजल मारतं. आमची मजल आतल्या पानाच्या तळाशी, आणि जागा कमी पडली की तिथली बातमी काढून 'वधू पाहिजे' टाकतात. त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण कवितेला जे लागतं, त्या वृत्तातही परतूर बसत नाही, हा शोध मला गेल्या वैशाखात लागला. तो लागायला एक मुनीम, तलाठी होऊ घातलेला एक पोरगा, एक निवृत्त गुरुजी आणि मोंढ्यातला एक मापाडी एवढी माणसं दिवसभर कामाला लागली.

मी जन्मभर बँकेत रोखपाल होतो. तीस-पस्तीस वर्षं नोटा मोजलेल्या बोटांना निवृत्तीनंतर काम उरलं नाही, तेव्हा मी ती श्लोकांच्या मात्रा मोजायला लावली. हा छंद घरातल्या घरात निरुपद्रवी चालला होता. पण एका गणेशोत्सवात कुणीतरी स्वागतपद्य म्हणत असताना माझ्या तोंडून "यतिभंग झाला" असं जरा मोठ्यानं निघून गेलं. आजूबाजूच्या दहा-बारा जणांना शब्द कळला नाही, आणि न कळलेल्या शब्दाला आपल्याकडे फार मान असतो. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की काकांना मात्रा कळते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई कडेवर पोर घेऊन दारात उभ्या. पोराचं पोट दुखायलं होतं. एखादी मात्रा उगाळून द्या म्हणाल्या. मी त्यांना वैद्यांचं घर दाखवलं. तेव्हापासून 'यांची मात्रा कुठंच चालत नाही' हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी ऐकू येतं.

तर वैशाखातल्या त्या सकाळी मोंढ्यातल्या एका अडत दुकानाचा मुनीम घाम पुसत आला. एका कचेरीतल्या साहेबांची बदली झाली होती, संध्याकाळी निरोप समारंभ होता, आणि हार-तुऱ्यांबरोबर एक काव्यही अर्पण करावं, असं त्याच्या शेटजींनी ठरवलं होतं. काव्य मुनिमानं रात्रीतून रचलं होतं.

"काका, तेवढ्या मात्रा बघून द्या. दुपारपर्यंत फ्लेक्सवाल्याला द्यायचंय."

हिशेबाच्या वहीतल्या पानावर, जमा आणि नावे यांच्या मधोमध, चार ओळी होत्या:

निरोपास परतूर येईल सारे
तुम्हावीण खुर्चीत खेळेल वारे
सदा हो असे हे पहा हो खरे हो
जिथे जाल तेथे सुखाने बरे हो

मी वाचलं आणि खरं सांगतो, दुसऱ्या ओळीला दचकलो. साहेब गेल्यावर रिकाम्या खुर्चीत वारा खेळतो आहे, हे चित्र त्या रोजकीर्दीच्या कागदावर मला अपेक्षित नव्हतं. साहेब असतानाही त्या खुर्चीत बहुतेक वेळ वाराच असायचा, हा भाग वेगळा. पण मला काव्य विचारलं नव्हतं, मात्रा विचारल्या होत्या. मी पेन्सिल काढली.

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भांडवल फार थोडं लागतं. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची मात्रा एक. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या मात्रा दोन. डोक्यावर अनुस्वार आला की अक्षर गुरू होतं, आणि पुढच्या जोडाक्षराचा धक्का बसला तर मागचं अक्षर गुरू होतं. धक्का बसला तरच, हे महत्त्वाचं. 'पुस्तक' म्हणताना 'पु'ला धक्का बसतो, 'तुम्ही' म्हणताना 'तु'ला बसत नाही. एवढ्यावर दुकान थाटता येतं.

या हिशेबात मोठ्या गावांची फार पंचाईत होते. मुं-ब-ई: गुरू, लघु, गुरू. जा-ल-ना: गुरू, लघु, गुरू. म्हणजे छंदशास्त्राच्या काट्यावर मुंबई आणि जालना यांच्यात रतीभर फरक नाही, आणि आमच्या शेजारची रांजणीही त्याच वजनाची. तसंच मनमाड आणि परतूर: दोन लघु, एक गुरू, एक लघु. मनमाडहून निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगर, जालना ओलांडत काही तासांनी परतुरात येते खरी, पण छंदाच्या दृष्टीनं ती जागची हललेलीच नसते.

तीन-तीन अक्षरांचा एक गण. लघु-गुरूंची उलटापालट करून असे आठच गण होतात. मुनिमाला हे मी मोंढ्यातूनच समजावलं. म्हटलं, गण म्हणजे तीन अक्षरांचं पोतं. 'उधारी' म्हणजे य गण. 'मापाडी' म गण. 'बाजार' त गण, 'पावती' र गण, 'हमाल' ज गण, 'वावर' भ गण. आपली 'दुधना' नदी स गण. आणि 'अडत' न गण, तिन्ही अक्षरं लघु.

"अडत लघु नसते काका," मुनीम म्हणाला. "शेतकऱ्याला विचारा."

मुनिमानं निवडलेलं वृत्त होतं भुजंगप्रयात. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल: लघु-गुरू-गुरू, असे य गणाचे चार वळसे, बारा अक्षरं, वीस मात्रा. नाव भीतीदायक असलं तरी चाल मराठी माणसाच्या अंगात इतकी मुरलेली आहे की ती नकळत कुठंही निघते. एकदा भाजीबाजारात उभा असताना पिशवीत काय काय पडतं आहे ते मी मनाशी मोजत होतो, तर आपोआप जुळलं:

बटाटे टमाटे दुधी नी गवारी
म्हणे आज नाही कुणाला उधारी

दोन्ही ओळी काट्यावर चोख. ही रचना मी त्याच जागी भाजीवाल्या मावशींना ऐकवली. त्यांनी यमक मान्य केलं आणि पैसे रोख घेतले.

आता मुनिमाच्या ओळी. दुसरी, तिसरी, चौथी: बारा, बारा, बारा. य य य य. पहिलीशी आलो आणि पेन्सिल अडली. नि-रो-पा, ठीक. पुढं स-प-र. तीन लघु लागोपाठ! भुजंगप्रयातात दोन लघु कधी शेजारी बसत नाहीत. प्रत्येक लघूच्या दोन्ही अंगांना गुरूंचा पहारा असतो. आणि 'परतूर' या नावाची सुरुवातच दोन लघूंनी होते. ओळ मागं-पुढं करा, शब्द फिरवा, काही करा. परतूर भुजंगप्रयातात शिरूच शकत नाही. दारातच अडकतं.

"म्हणजे बसंना का?" मुनिमानं विचारलं.

"बसत नाही."

"थोडं सरकून बसलं तर?"

माझ्यावर त्याचा विश्वास उरला नाही, म्हणून त्यानं गल्लीतल्या अभ्यासिकेतून एका पोराला बोलावून आणलं. आज महाराष्ट्रात वृत्तांचे गण कुणी बिनचूक सांगितले तर तो कवी नसून सरकारी भरतीचा उमेदवार आहे, असं खुशाल समजावं. कवींनी मोजणं सोडलं आणि तलाठी, ग्रामसेवक, पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्या पोरांनी धरलं. या पोराच्या काखेत मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण होतं, कडा झिजून गोल झालेलं. त्यानं एका दमात यमाचा-मानावा-ताराप-राधिका म्हणून दाखवलं, पहिली ओळ पाहिली आणि चार उभ्या रेघा ओढल्या.

"य, न, र, र आणि शेवटी एक गुरू. अक्षरं तेरा. काका, असं वृत्त पुस्तकात नाही. आक्षेप नोंदवावा लागेल. प्रश्न रद्द झाला तर सगळ्यांना सरसकट गुण मिळतील."

मग त्यानं आसपासची गावं तपासायला घेतली. जांब बसतं. ते बसणारच, शेजारच्या घनसावंगी तालुक्यातल्या त्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले ते याच भुजंगप्रयातात, आणि एक-दोन नव्हे, २०५. त्यांच्या गावाला वृत्तात जागा नसती तर कुणाला असती? सेलू बसतं, मंठा बसतं, आष्टी बसतं, वाटूर बसतं. जालनाही बसतं. सातोना बसत नाही, कारण तिथं तीन गुरू एकदम येतात. पण सातोन्याला त्याची गरज नाही; कवी बी. रघुनाथ १९१३ साली तिथंच जन्मले, त्यामुळं त्या गावाची कवितेतली जागा आधीच राखीव आहे. परभणी बसत नाही हे कळल्यावर मुनिमाला जरा धीर आला. १९८१ साली जालना जिल्हा झाला तोवर आम्ही परभणीकरच होतो. जुनी सोबत अडचणीत उपयोगी पडते.

"सोपं आहे," पोरगा म्हणाला. "'परतूर' काढा, 'हे गाव' टाका. 'निरोपास हे गाव येईल सारे.' चारही य गण."

"'हे गाव' म्हणजे कोणतं?" मुनीम उसळला. "उद्या साहेब नव्या ठिकाणी फ्लेक्सचा फोटो दाखवणार. बघणारा म्हणेल वाटूर असेल. शेटजींनी पैसे परतूरचे दिलेत."

मग आम्ही तिघं गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्यांच्या कपाटात माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' आहे. कविता लिहिताना माधव ज्यूलियन असलेल्या या गृहस्थांनी १९२७ साली हा ग्रंथ काढला, १९३७ साली तो वाढवून पुन्हा लिहिला आणि मराठीतलं पद्य म्हणून जे जे होतं ते सगळं मोजून ठेवलं. मापाड्याला इतका मोठा मोंढा कधी मिळाला नसेल. ताल धरून म्हणण्याच्या कवितेत मात्रांचे गट फिरून फिरून येतात, त्यांची नावंही त्यांच्याकडे कशी: सहा मात्रांचा भृंग, कारण भुंग्याला पाय सहा; सातांचा अग्नी, कारण त्याला जिभा सात; आठांचं पद्म, पाकळ्या आठ; आणि पाचांचा हर, कारण शंकराला तोंडं पाच. परतूरच्या मात्रा पाच. आम्ही शंकराच्या वाट्याला आलो, हे ऐकून मुनिमानं नकळत हात जोडले.

गुरुजी म्हणाले, "गाव वृत्तात बसत नसेल तर गाव कशाला बदलता? वृत्त बदला." आणि त्यांनी डोळे मिटून वसंततिलकेची एक ओळ सोडली:

आली पहाट परतूर उठेल केव्हा

पोरानं बोटं चालवली. त, भ, ज, ज, गुरू, गुरू. चौदा अक्षरं, एकही इकडंतिकडं नाही. परतूर त्यात पाटावर बसल्यासारखं मांडी घालून बसलं होतं.

"सुंदर आहे," मुनीम चाचरत म्हणाला. "पण साहेब साडेअकराला यायचे. मनाला लावून घेतील."

गुरुजींनी शार्दूलविक्रीडित काढलं. एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर थांबा:

आले हे परतूर, वाट बघतो दारात मामा उभा

"हे तर लग्नातलं झालं!"

"वृत्तच लग्नातलं आहे," गुरुजी म्हणाले. आणि ते खरंच आहे. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाची क्रीडा. पण आज हा वाघ मंगलाष्टकांच्या जीवावर जगतो. आत्या, मावशा, दोन्हीकडचे मामा आणि दोन्ही गावांची नावं त्या एकोणीस अक्षरांत कोंबता कोंबता किती तरी काकांनी आयुष्यात एकदा वृत्तबद्ध रचना केलेली असते. चूक झाली तरी धकतं. ऐकणाऱ्यांचं लक्ष अक्षतांकडे आणि अक्षतांचं पंगतीकडे. पण संध्याकाळी सभागृहात ही चाल लागली असती तर सवयीनं लोकांनी साहेबांवर तांदूळ फेकले असते.

इथं मुनीम खचला. "जाऊ द्या काका. मुक्तछंदात टाकतो. मोजणीच नको."

गुरुजी हसले. मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे यांनी, आणि त्याच अनिलांनी पुढं दशपदी काढली, जिच्यात ओळी दहा म्हणजे दहाच. ज्यानं दावं सोडलं त्यानंच नवा खुंटा ठोकला. ज्याला बांधता येतं त्यानं सोडावं, असा याचा अर्थ गुरुजींनी सांगितला. मुनिमाला बांधता येत नव्हतं म्हणून तो सोडायला निघाला होता.

दुपारचा एक वाजला. फ्लेक्सवाल्याचे दोन फोन येऊन गेले. आम्ही चौघं वरात निघाल्यासारखे मोंढ्यात पोचलो, शेटजींना काय सांगायचं ते ठरवायला. वैशाखात मोंढा सुस्त असतो. अडतीच्या ओट्यावर मापाडीमामा रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. हा माणूस चाळीस वर्षं माप करतो आहे. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला, आकडा लाल दिव्यात आपोआप दिसतो. पण मामा अजून तोंडानं मोजतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणं एक म्हणत नाहीत. पहिल्या पोत्याला 'लाभ', मग दोन, मग तीन. एकादशीला हेच मामा भजनात पखवाजावर असतात.

मुनिमानं त्यांना गाऱ्हाणं सांगितलं. मामांनी वाळंबे पाहिलं नाही, 'छंदोरचना' पाहिली नाही. म्हणाले, "म्हणून दाखव बरं."

मुनिमानं ओळ वाचली, पोरानं शिकवल्याप्रमाणं, एकेक अक्षर सुटं करून: स, प, र, तू, र.

"असं कोण म्हणतंय?" मामा म्हणाले. "तू कधी म्हणलास का जन्मात? नीट म्हण."

मग त्यांनीच म्हटली. डाव्या हातानं पोत्यावर ठेका धरून, भजनात धरतात तसा. आणि ओळ कुठंही न अडखळता सरळ निघून गेली, लोण्यातून सुरी जावी तशी. कारण मामा 'प-र-तू-र' म्हणालेच नाहीत. ते म्हणाले 'पर्तूर'.

आम्ही चौघं एकमेकांकडं पाहत राहिलो. परतुरात कोण परतूर म्हणतं? आम्ही सगळे जन्मापासून पर्तूरच म्हणत आलो आहोत, आणि ते लिहितो परतूर. स्टेशनच्या पाटीवरसुद्धा इंग्रजीत पी, ए, आर यांच्यानंतर लगेच टी येतो. मधला 'अ' रेल्वेनं कधीच उतरवून ठेवला आहे. पोरानं घाईघाईनं रेघा ओढल्या: निरोपा, सपर्तू, रयेई, लसारे. य, य, य, य. अक्षरं बारा.

"पण लिहिलेलं तेरा आहे," तो म्हणाला. परीक्षार्थी सहजासहजी हार मानत नाही.

"पोती तेरा असू दे," मामा म्हणाले. "वजन किती भरायलंय ते बघ. काटा लिव्हलेल्याला लावायचा नसतो, बोललेल्याला लावायचा."

मी रोखपालाच्या बोटांनी मोजलं. प-र-तू-र: एक, एक, दोन, एक. पाच. पर्-तू-र: दोन, दोन, एक. पाच. माल तेवढाच, फक्त दोन लहान पोती एका मोठ्या पोत्यात भरली होती. सगळी ओळ मोजली तर तेरा अक्षरांनीही वीस मात्रा आणि बारा अक्षरांनीही वीस. सकाळपासून आम्ही तिघं शिकलेली माणसं पोती मोजत बसलो होतो.

मुनीम कागद घेऊन उठला, पण मामांनी त्याला बसवलं. "थांब. ते तिसरं पोतं हलकं लागायलंय."

तिसरी ओळ: 'सदा हो असे हे पहा हो खरे हो.' पोरगा कळवळून म्हणाला, "मामा, ती तर सगळ्यात शुद्ध आहे. चारही य गण, एकही जोडाक्षर नाही."

"शुद्ध असंल. माल दाखव."

आम्ही शोधलं. 'सदा' कशाला? भरतीला. 'हो' तीनदा, 'हे' एकदा, 'पहा' म्हणजे काय पाहा ते सांगितलेलं नाही. 'खरे' म्हणजे काय खरे तेही नाही. ओळीतलं एकेक धान्य निवडत गेलो तसं सुपात काहीच उरेना, सगळे खडे. गुरुजींनी सांगितलं की हा रोग जुना आहे. संस्कृतात जागा भरायला च, वै, तु, हि होते, मराठीत सदा, असे, पहा, हो आहेत. गणाचं गणित याला कधीच पकडत नाही, कारण खड्यालाही वजन असतंच.

"पण यमक?" मुनीम हट्टाला पेटला. "खरे हो, बरे हो."

यमकाचं मराठीत फार स्वस्त काम आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याला ठरलेले प्रत्यय लागतात, त्यामुळं झाले, गेले, आले, केले ही मंडळी न बोलावता ओळीच्या टोकाला येऊन उभी राहतात. चार ओळी यमकात लिहायला प्रतिभा लागत नाही, भूतकाळ लागतो. मुनिमानं निदान क्रियापदांवर भागवलं नव्हतं. गुरुजींनी त्याच्या समाधानासाठी गझलेचा हिशेब मांडला: शेवटी दोन्हीकडं तसाच राहणारा 'हो' हा रदीफ आणि त्याच्या आधी जुळणारे खरे-बरे हे काफिये. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या पोरांना हेच शिकवलं. आपण बेसावधपणे गझलेच्या वाटेला गेलो हे ऐकून मुनीम क्षणभर खुलला, पण खडे खडेच होते.

तेवढ्यात समोरच्या टपरीवरून पोरगं किटली आणि ग्लास घेऊन आलं. रस्त्यानं मामांच्या ओळखीचा कुणी चालला होता. मामांनी ओट्यावरूनच हाक दिली, "या, चहा घ्या हो!"

मुनिमाचा ग्लास तोंडाशी थांबला. त्याच्या ओठांची हालचाल होऊ लागली आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. मग तो हळूच म्हणाला, "इथे एकदा प्यायला या चहा हो."

पोरानं रेघा ओढल्या. मी मात्रा मोजल्या. गुरुजींनी मान हलवली. बारा, वीस, य य य य. शेवटच्या ओळीतलं 'सुखाने बरे हो' बदलून 'सुखाने रहा हो' केलं की यमकही आलं, आणि भाषाही सुधारली, कारण 'सुखाने बरे हो' हे दवाखान्यातून घरी सोडताना म्हणतात.

आता प्रश्न रचनेचा. चहाची ओळ तिसरी की चौथी? पोरगा म्हणाला तिसरी, जुनी तिसरी गेली त्या जागी. मामांनी नाही म्हटलं. "पोत्यात चांगला माल वर दिसायला पाहिजे, म्हंजे भाव मिळतो. इथं गाणं उलटं असतंय. भजनातबी चांगला माल तळाशीच येतो. वरचं सगळं तिथवर जायला असतंय."

असं चार ओळींचं काव्य दुपारी अडीच वाजता मोंढ्याच्या ओट्यावर मापून, निवडून, भरून तयार झालं:

निरोपास परतूर येईल सारे
तुम्हावीण खुर्चीत खेळेल वारे
जिथे जाल तेथे सुखाने रहा हो
इथे एकदा प्यायला या चहा हो

संध्याकाळी सभागृहात आम्ही चौघं मागच्या रांगेत बसलो. मुनिमानं काव्य म्हटलं, मामांच्या ठेक्यावर, 'पर्तूर' म्हणत. खुर्चीच्या ओळीला कचेरीतले लोक जरा जास्तच हसले. चहाच्या ओळीला कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. कशामुळं, ते मात्रांवरून सांगता येत नाही.

एवढ्यात शेजारी बसलेल्या पोरानं माझा हात दाबला आणि व्यासपीठामागच्या फ्लेक्सकडं बोट केलं. दहा फूट रुंद, गुलाबांची चौकट, साहेबांचा फोटो, आणि खाली आमच्या चार ओळी. फ्लेक्सवाल्यानं गावाचं नाव 'परतुर' असं छापलं होतं. तु ऱ्हस्व. चारही अक्षरं लघु. दिवसभराच्या मेहनतीनंतर गावाची एक मात्रा छपाईत गेली होती.

"आक्षेप नोंदवू का?" पोरानं विचारलं.

मी सभागृहाकडं पाहिलं. दोनशे माणसं समोरचा फ्लेक्स वाचत होती आणि एकाच्याही तोंडात ते नाव चुकत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे.

साहेब अजून चहाला आलेले नाहीत. फ्लेक्स सभागृहाच्या मागच्या भिंतीला तसाच आहे, त्यावरचं गाव चार मात्रांचंच आहे. पुऱ्या पाच मात्रांचं ऐकायचं असेल तर वाटूर फाट्यावर दोन मिनिटं उभं राहा. एसटीच्या दारातून कंडक्टर जे ओरडतो, ते वजनाला चोख असतं.